धातूंचे निष्कर्षण आणि विश्लेषकाचा ताळा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत गणित शिकविले. उत्तर बरोबर असले, तरी ताळा केल्याशिवाय ते वही स्वीकारीत नसत. त्या ताळ्याचे मोल मला पुढे रसायनशाळेत कळले.

इंदूरमध्ये ‘सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन’ म्हटले की सोयाबीनचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. तेथे हेक्झेन हा द्रावक सोयाबीनमधील तेल आपल्याकडे ओढून घेतो. वैश्लेषिक रसायनशास्त्रात तेलाच्या जागी धातूंचे आयन असतात. मात्र आयनावर विद्युतभार असल्याने तो पाण्यातच रमतो, क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात जात नाही. म्हणून त्याला योग्य कार्बनी अभिकर्मकाशी जोडून भाररहित संयुग बनवावे लागते. मग विभाजक नरसाळ्यात हे मिश्रण हलविले की पाणी वर, क्लोरोफॉर्म खाली असे दोन थर पडतात आणि धातू खालच्या थरात उतरतो. पाण्याची आम्लता कमीअधिक करून कोणता धातू जावा आणि कोणता राहावा, हेही बऱ्याच अंशी ठरविता येते.

दोन थरांतील या वाटणीचा नियम नेर्न्स्ट यांनी १८९१ साली मांडला. आपले होळकर महाविद्यालय स्थापन झाले तेही याच वर्षी! समजा, द्रावकातील व पाण्यातील धातूच्या प्रमाणाचे गुणोत्तर ३ आहे. १०० मिलिलिटर पाण्यातील धातू १०० मिलिलिटर द्रावकाने एकदाच काढला, तर २५ टक्के मागे उरतो. तोच द्रावक २५ मिलिलिटरच्या चार हप्त्यांत वापरला, तर जेमतेम ११ टक्के उरतो. द्रावक तेवढाच, फळ मात्र चिकाटीचे.

ट्रॉम्बे येथे १९६४ साली सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रात याच तत्त्वावर, ट्रायब्युटिल फॉस्फेटच्या साहाय्याने, वापरलेल्या इंधनातील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे केले गेले. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. एस. एम. खोपकर यांनी डे आणि चाल्मर्स यांच्यासमवेत लिहिलेला धातूंच्या निष्कर्षणावरील इंग्रजी ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. आमच्या पिढीने असे ग्रंथ समोर ठेवून प्रयोग केले.

आता माझ्या एका चुकीविषयी. डायथायझोनचा हिरवा द्राव शिशाच्या अत्यल्प अंशानेही लाल होतो. संशोधनात नवखा असताना मी एका परिचितांच्या वाड्यातील विहिरीचे पाणी या पद्धतीने तपासले. द्राव लाल झाला आणि मी उत्साहाच्या भरात ‘पाण्यात शिसे आहे’ असे सांगून मोकळा झालो. वाड्यातील आजींनी त्याच दिवशी विहिरीवर फळ्या टाकविल्या. माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न केला, “कोरी चाचणी घेतलीस का?” मी घेतली नव्हती. मग विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच कृती केली, तो रंग तितकाच लाल! शिसे विहिरीत नव्हते. माझ्या अमोनियाच्या बाटलीत होते. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून आजींकडे गेलो. सारे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “बाळ, मग आता त्या फळ्याही तूच काढ.” मी काढल्या.

आज डायथायझोनची जागा बहुतांशी सूक्ष्मसंवेदी उपकरणांनी घेतली आहे. तरीही क्षारांच्या गर्दीत दडलेला धातूचा लेश वेगळा काढून संहत करावयाचा असेल, तर निष्कर्षण कामी येतेच. परंतु उपकरण जितके संवेदनशील, तितका आपल्या बाटलीतील मळही ते इमानाने मोजते. तो वजा करण्याची जबाबदारी माणसाची.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या पाणी, अन्न, औषधे तपासतील. तुम्ही लिहिलेल्या आकड्यावर विश्वासून कोणी विहीर बुजवील, कोणी तिचे पाणी लेकरांना पाजील. म्हणून दुसऱ्याच्या पाण्यात दोष दाखविण्यापूर्वी आपले भांडे तपासा. गुरुवर्यांनी शिकविलेला ताळा तो हाच. त्यांच्या स्मृतीस वंदन करतो.