घरातलं मैदान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘लहान मुलं आणि व्यायाम’ या विषयावर बोल, असं संयोजक म्हणाले तेव्हा मी त्यांना एखादा डॉक्टर सुचवला. त्यांचं उत्तर होतं, ‘दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं सांगितलेलं बाकीच्या बसणाऱ्यांना लवकर पटतं.’ मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरी सात आणि चार वर्षांच्या दोन मुली आहेत आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

आपल्याला लहानपणी कुणी खेळायला पाठवत नसे. उलट घरी बोलवावं लागे. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस यांना ना फी होती, ना वेळापत्रक. आज अंगणाच्या जागी पार्किंग आहे. मैदान असलंच तर त्याचा क्लास असतो आणि क्लासला गाडीत बसून जावं लागतं. आठवड्यातून दोन तासांचा क्लास लावला की आपण निश्चिंत होतो. पण मुलाच्या शरीराला हालचाल रोज लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. तिसऱ्या वर्षानंतर त्यातली ६० मिनिटं तरी दमवणारी असावीत. बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत एका वेळी तासाहून जास्त अडकवून ठेवू नये. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारा खेळ हवा. १८० हा आकडा ऐकून घाबरू नका. ती सलग करायची नाहीत. गाद्यांवर उड्या, जिने चढणं, भाजीच्या पिशवीला हात लावणं, सगळं त्यात धरलं जातं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. नवीन फोन घेतल्यावर बहुतेक लोक त्यातली सेटिंग्ज बदलत नाहीत. आली तशी वापरतात. घराचंही तसंच आहे. सोफ्याचं तोंड टीव्हीकडे, रिमोट हाताशी आणि चेंडू माळ्यावर, अशी मांडणी असेल तर मूल बसणारच. त्याला रागावण्यापेक्षा मांडणी बदलणं सोपं. आम्ही टीपॉय हॉलमधून काढला, चेंडू खालच्या कप्प्यात आणला, रिमोट वर ठेवला. फरशीवर रंगीत चिकटपट्टीनं ठिकरीचे चौकोन आखले. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तर त्या चौकोनांतून उड्या मारत जायचं, हा नियम मुलींनीच केला.

बाकी साहित्य घरातच असतं. मोज्यांचे गोळे करून बादलीत नेम धरायचा. बेडूकउड्या मारायच्या, हत्तीसारखं चालायचं, ‘शिवाजी म्हणतो’ खेळायचं. साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाला एका पायावर उड्या मारणं जमू लागतं. तेव्हा लंगडी सुरू करा. मोजे घालून फरशीवर धावू देऊ नका, अनवाणीच खेळा. खालच्या मजल्यावरच्यांची झोपायची वेळ सांभाळा, म्हणजे शेजारही टिकेल. आणि संध्याकाळभर ‘पळू नको, पडशील’ हे वाक्य आपण किती वेळा उच्चारतो, ते एकदा मोजून बघा.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. सोफ्यावर बसून ‘जा, खेळ’ म्हटलं तर मूल जात नाही. आपण उठलो तर उठतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, ते स्वतः रोज घालत असत. करून दाखवणाऱ्याचं ऐकलं जातं. आणि गरज आपल्यालाही आहेच. मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट २०२० साली काढून टाकली, त्यामुळे पाच मिनिटांची पकडापकडीही जमेस धरता येते. गुडघे किंवा रक्तदाब कुरकुरत असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा, पण करा. आणि हे काम फक्त आईचं नाही. बाबांनी खेळायचं आणि आईनं तेवढ्यात पोळ्या उरकायच्या, असंही नको.

शेवटचं, माझ्या मैत्रिणींसाठी. आपल्यातल्या किती जणी दहावीनंतर एकदा तरी मजेखातर धावल्या? बस पकडायला धावलो, ते सोडून द्या. खो-खोत खांबाला हात लावून वळणाऱ्या मुली आपणच होतो. मग कॉलेज, नोकरी, लग्न, आणि खेळ कधी सुटला ते कुणी विचारलंही नाही. आपल्या मुलींनी आपल्याला फक्त कामासाठी धावताना पाहिलं, तर मोठी झाली की बाई खेळत नाही, असंच त्या धरून चालतील. हॉलमध्ये धापा टाकत लंगडी घालणारी आई त्यांना दिसली पाहिजे. हसतील, हसू द्या.

आज जेवणानंतर समोरचं मैदान आपल्यासाठी मोकळं ठेवलं आहे. फोटो काढून झाले की मुलांचा हात धरा आणि तिकडे या. राज्य मी घेते.