मासे गुदमरतात तेव्हा

मासा पाण्यातच जन्मतो, पाण्यातच वाढतो. त्याला श्वासाची कसली आली आहे चिंता, असे आपल्याला सहज वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. ज्या हवेत आपण वावरतो तिच्या एका लिटरमध्ये प्राणवायू असतो सुमारे २१० मिलिलिटर. आपल्या कोकणासारख्या उबदार समुद्राच्या लिटरभर पाण्यात, तेही अगदी वरच्या थरात, तो असतो जेमतेम पाच मिलिलिटर! शिवाय पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. एवढे जड पाणी तोंडाने घ्यायचे, कल्ल्यांवरून लोटायचे आणि त्यातून हा चिमूटभर प्राणवायू वेचायचा. म्हणजे माशाचे मुळातच हातावर पोट. त्यातही कपात झाली तर?

ही कपात आपल्या अरबी समुद्रात दरवर्षी होते. तिथे खोलात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जाड थर बारमाही पसरलेला आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याशी उथळ भागावर चढते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि झाकणासारखे बसते. वरची हवा खाली मिसळत नाही. खाली मेलेल्या सूक्ष्म वनस्पती कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना किनाऱ्यालगतच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू पार संपलेला आढळला. त्याच्या जागी कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार झाला होता.

मग तिथले जीव काय करतात? सगळ्यांचे उत्तर एक नाही.

शिंपल्या आणि कालवे यांना पळता येत नाही. ती कवच घट्ट मिटून घेतात आणि जगण्याचा खर्च कमीत कमी करतात. शरीरात साठवलेल्या साखरेवर, प्राणवायूवाचून, कित्येक तास, कधी काही दिवसही तग धरतात. घरातले धान्य संपत आले की एकवेळ चूल पेटवावी, तसेच हे. मात्र ही उसनवारी कायमची चालत नाही.

दुसरी जात आहे या तंगीतच बिऱ्हाड थाटणाऱ्यांची. अंगावर दिव्यांसारखे ठिपके असलेले कंदीलमासे दिवसा त्या प्राणवायूहीन थरात जवळजवळ निपचित राहतात, कारण शत्रूला तिथे श्वास घेता येत नाही. रात्र पडली की ते वर येतात, खातात, श्वासाचे कर्ज फेडतात आणि उजाडण्यापूर्वी परत खाली जातात.

तिसरे म्हणजे मासे, कोळंबी, खेकडे. यांना प्राणवायू कमी झालेला सगळ्यांत लवकर जाणवतो. माशाचे कल्ले भराभर हलू लागतात. काचेच्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना तुम्ही पाहिले असतील. तीच ही धडपड. एवढ्याने भागले नाही, की जागा सोडायची.

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. जागा सोडून जायचे कुठे? एक तर वर, नाही तर किनाऱ्याकडे. पसरून राहणारी मासळी मग अरुंद पट्ट्यात कोंडते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबिल उपसागराच्या पूर्वकिनाऱ्यावर उन्हाळ्यात कधीकधी पहाटेच्या आधी खेकडे, कोळंबी आणि चपटे मासे पाण्याच्या काठाशी अर्धमेले होऊन गोळा होतात. लोक टोपल्या घेऊन धावतात. तिथे या प्रकाराला नावच पडले आहे ‘ज्युबिली’, म्हणजे उत्सव! माणसांचा उत्सव; माशांच्या दृष्टीने मात्र ती आग लागलेल्या घरातून झालेली पळापळ.

आणि जिथून मासळी निघून जाते तिथे काय उरते? कार्ल बान्झे या संशोधकांनी कोचीनजवळच्या समुद्राविषयी १९५९ साली लिहिले, की तळाचे पाणी प्राणवायूहीन झाले म्हणजे तळावरून ओढलेल्या जाळ्यांना मासळी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, “मग किनाऱ्याशी मासळी लोटली, की ती गुदमरूनच आली म्हणायची का?” तसे नव्हे. तारली आणि बांगड्याचे थवे अन्नामागेही येतात. पण भरलेले जाळे ही नेहमीच भरलेल्या समुद्राची खूण नसते, एवढे ध्यानात ठेवायला हवे. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या समुद्रात लोटतात, त्यापुढचे दोन-अडीच महिनेच या तंगीचे. कोंडलेली मासळी उपसली तर यंदा पैसा दिसेल; पण पुढची पिढी वाढवायला मागे राहिले किती, हे तो पैसा सांगत नाही.

हा प्रश्न पुढे बिकटच होणार आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातल्या महासागरांनी सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला. मोसमी वारे आपल्या हाती नाहीत. पण शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून जाणारी खते समुद्रात कुजण्याला खतपाणी घालतात, ती अडवणे आपल्या हाती आहे. पाण्यातला प्राणवायू नियमित मोजणेही आपल्या हाती आहे. गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून हे काम सुरू झाले.

तेव्हा किनाऱ्याशी एकाएकी मासळी लोटल्याचे कानावर आले, की भाव विचाराल, तो जरूर विचारा. पण ती आणणाऱ्याला, ‘पाणी कसे होते?’ हेही विचारा.