चढाचा रस्ता



गेले काही दिवस या व्यासपीठावरून तुम्ही प्राध्यापकांना ऐकले, वकिलांना ऐकले, एका डॉक्टरांनाही ऐकले. आज त्यांच्या रांगेत चालकांनी एक युनियनवाला आणून उभा केला आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पगारपत्रके वाचता वाचता, कामगार कचेरीच्या बाकावर ताटकळत आणि वाचनालयातली पुस्तके रात्री उशाशी घेऊन झाले. चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "रस्त्यावर बोलेन." त्यांना वाटले, हा मोर्चाबद्दल बोलणार! तसे नाही. मी खरोखरच एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. तो रस्ता आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे, आणि तो चढाचा आहे.

मी मूळचा काशीदचा. पाठीशी फणसाडचे जंगल, पुढ्यात समुद्र आणि मधल्या पट्टीवर आमचे गाव. माझ्या लहानपणी त्या वाळूवर माणसापेक्षा खेकडे जास्त दिसत. आज सुटीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. घोडा आहे, उंट आहे, घोडागाडी आहे, शहाळेवाला आहे. गाव पाहुण्यावर जगू लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणा आला की चूल पेटते. पण पाहुण्यावर जगणाऱ्या गावाला एक सवय लागते. पाहुण्याला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे ते गाव ठरवू लागते. ही सवय शंभर-दीडशे वर्षांत कुठवर जाते, हे मला पुढे माथेरानला दिसले.

पोटापाण्यासाठी मी खोपोलीच्या बाजूला गेलो. एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागलो, कंत्राट संपल्यावर एका दिवसात बाहेर पडलो, आणि तिथून युनियनच्या कामात शिरलो. त्या कामाच्या निमित्ताने कर्जत-नेरळकडे येणेजाणे वाढले आणि माथेरानचा रस्ता पायाखाली आला.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. नेरळहून घाट चढून मोटार दस्तुरी नाक्यावर येते आणि तिथेच थांबते. पुढे मोटारीला बंदी. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, आणि रुग्णवाहिका, अग्निशामक बंब अशी निकडीची वाहने सोडली तर यांत्रिक वाहन तिथे चालत नसे. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट, दोन्ही अंगांना झाडी, डोक्यावर माकडे, शेजारून धावणारा छोट्या गाडीचा रूळ. मोकळ्या हाताने चालणाऱ्याला हा चढ म्हणजे गंमत. तासाभरात माणूस बाजारात पोचतो, चिक्की घेतो आणि म्हणतो, हवा काय सुरेख आहे!

पण रस्त्याचा चढ फुटात मोजायचा नसतो. पाठीवर काय आहे, त्यावर तो मोजायचा असतो. तोच रस्ता शाळेच्या पोराला वेगळा, डोक्यावर दोन बॅगा घेतलेल्या बाईला वेगळा, आणि हातरिक्षाच्या दांड्यामागच्या माणसाला अगदीच वेगळा.

आता थोडा इतिहास सांगतो. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला, असे पुस्तकांत छापलेले असते. शोध! त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकूर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. हरवलेली वस्तू सापडली तर शोध म्हणावा. इथे तर घरात माणसे असताना पाहुण्याने घर शोधून काढले. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे बंगला बांधला, मागोमाग मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले. बंगला वर, माणसे वर, तर सामानही वर जायला हवे. साहेब घोड्यावर, मडमा पालखीत आणि खुर्चीत. पालखीला खांदा लागतो, आणि तो खांदा कुणाचा, हे बंगल्याच्या पाटीवर लिहिलेले नसते.

या रस्त्याची एक आख्यायिका मोठी बोलकी आहे. मुंबईचे शेठ आदमजी पीरभॉय एकदा नेरळला उतरले, तर वर जायला त्यांना वाहनच मिळेना. घोडे, पालख्या सगळ्या आधीच ठरलेल्या. तेव्हा त्यांनी म्हणे मनाशी घेतले की, इथे रेल्वेच आणीन. आख्यायिका खरी-खोटी कशीही असो, रेल्वे मात्र खरी. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले, सुमारे सोळा लाख रुपये खर्च झाले, आणि १९०७ च्या मार्चमध्ये दोन फूट रुंदीच्या रुळावरून गाडी माथेरानला पोचली. एकवीस किलोमीटरची वाट, वळणावर वळण, आणि काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट चढ. इंजिनालाही तिथे धाप लागते.

गाडी आली, पण खांदा सुटला नाही. गाडी ठरल्या वेळी येते, ठरल्या जागी थांबते, आणि पावसाळ्यात घाटात बंद राहते. बंगला स्टेशनावर नसतो, झाडीत आत असतो. म्हणून पालखी गेली आणि हातरिक्षा आली. ही हातरिक्षा मुळात जपानातली, १८६९ च्या सुमाराची. सिमल्याच्या चढावर ती आली, कलकत्त्याच्या सपाटीवर आली, आणि आपल्या जिल्ह्यात माथेरानवर आली. जपानने ती रोजच्या वापरातून केव्हाच काढली. आपण ती माणसाच्या हातात ठेवली.

ती चालते कशी, हे सांगतो. पुढे एक माणूस दांडा धरून ओढतो. चढाला मागून दोघे रेटतात. उतारावर हेच उलटे होते: पुढच्याने टाच रोवायची आणि मागच्याने गाडी आपल्याकडे खेचून धरायची. ब्रेक म्हणजे माणसाचे गुडघे. पावसाळ्यात, धुक्यात, शेवाळलेल्या दगडावर हेच. अशा चौऱ्याण्णव रिक्षांचे परवाने तिथे होते. म्हणजे चौऱ्याण्णव दांडे. रेटणारे हात त्याहून कितीतरी जास्त.

एकदा मी त्यांना म्हणालो, मलाही एक खेप करू द्या. हसले सगळे. रिकामी रिक्षा दिली नाही. आपल्यातलाच एक जाडजूड गडी त्यांनी आत बसवला. मी मागे रेटायला. पहिल्या शंभर पावलांत मी गप्पा मारल्या, पुढच्या शंभरांत गप्प झालो, आणि त्यानंतर मला रस्ता दिसेनासा झाला. दिसत होती फक्त समोरच्या माणसाची टाच. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला तो पुढचा मनुष्य मागे न बघता म्हणाला, "भाऊ, वर बघू नका. वर बघितलं की चढ वाढतो." मी विचारले, "काका, किती वर्षं ओढताय?" तो म्हणाला, "वर्षं नाही मोजली. आधी बाप मागे असायचा, आता पोरगा मागे असतो."

त्या एका वाक्यात त्या रस्त्याचा सगळा इतिहास आहे. पुढचा बदलतो, मागचा पुढे येतो, गाडी तीच.

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका न्हाव्याच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. तुम्ही त्यांना भाई कोतवाल म्हणून ओळखता. पाहुण्यांच्या दाढ्या करणाऱ्या घरातला मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्यांच्या मागे लागला, आणि बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन डोंगरात गेला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर तो हुतात्मा झाला. तो याच वाटांवर चालून मोठा झाला. कुणाच्या पायाने गाव चालते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, पण दांडा तसाच राहिला. अखेर रिक्षा ओढणाऱ्यांनीच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांची मागणी मोठी नव्हती. आमच्या हातातला दांडा काढा आणि त्या जागी विजेवरची रिक्षा द्या, एवढेच. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा त्या रस्त्यावर धावल्या, आणि शाळेला पायी जाणारी मुले, म्हातारी माणसे पहिल्यांदा बसून घरी गेली. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला: माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा मोठी आहे. न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचा दाखला दिला: सरकारने ई-रिक्षा घ्याव्यात आणि खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना त्या भाड्याने चालवायला द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही.

'खऱ्या' या शब्दावर मी बोट ठेवतो. युनियनच्या कामात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. यंत्र येते तेव्हा पहिले भाषण कामगाराच्या कल्याणाचे होते आणि पहिली चावी दुसऱ्याच्याच खिशात जाते. इथेही २०२४ मध्ये न्यायालयाने सुरुवातीला वीस ई-रिक्षांची मर्यादा घातली होती, आणि त्या वीस कोणाला मिळाल्या, यावरूनच वाद पेटून पुन्हा न्यायालयात गेला. चौऱ्याण्णव परवाने आणि वीस गाड्या! ज्याला बेरीज-वजाबाकी येते, त्याला भांडण का झाले, ते वेगळे सांगायला नको.

हा धडा नवा नाही. पंजाबात १९७५ मध्ये कायदा झाला की सायकलरिक्षाचा परवाना रिक्षा ओढणाऱ्या मालकालाच मिळेल. हेतू उत्तम! पण ओढणाऱ्याकडे रिक्षा घ्यायला पैसा कुठला? म्हणजे मालकाला वगळायला निघालेला कायदा ओढणाऱ्यालाच उपाशी मारणार होता. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नुसता कायदा वैध की अवैध, एवढे सांगून हात झटकले नाहीत. ओढणाऱ्यांना बँकेचे कर्ज मिळेल अशी व्यवस्था लावून दिली. बंदी हे अर्धे वाक्य आहे. पुढचे अर्धे वाक्य म्हणजे भाकरी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकाच्या न्यायासाठी दुसऱ्यावर अन्याय केला असे होईल. त्या रस्त्यावर चारशेहून अधिक घोडे आहेत, आणि एकेका घोड्यामागे एक घर आहे. घोडेवाला म्हणतो, ई-रिक्षा आली तर माझ्या घोड्यावर कोण बसेल? तो म्हणतो, रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवले तर माझा घोडा घसरतो. हा घोडेवाला शत्रू नाही. तो आमच्या काशीदच्या किनाऱ्यावरच्या घोडेवाल्याचा भाऊच आहे. न्यायालयाने ब्लॉक मुख्य रस्त्यापुरते ठेवले, आतल्या वाटा मातीच्याच राहू दिल्या, हे बरे झाले. पण घोडेवाला, रिक्षावाला आणि डोईवर ओझे नेणारी वाडीवरची बाई, या तिघांना एका सतरंजीवर बसवणे हे न्यायालयाचे काम नाही, ते आपले काम आहे. हे तिघे आपसात भांडत राहिले तर चढ त्यांच्यापाशी राहील आणि हवा दुसऱ्याला मिळेल.

काही सुशिक्षित मंडळी मला म्हणतात, "अहो, हातरिक्षा गेली तर माथेरानचे जुने रूप जाईल." मी त्यांना एवढेच म्हणतो, आपण आत बसून जे रूप पाहिलेत, ते एकदा मागे उभे राहून पाहा. झाडे जपा, तांबडी माती जपा, मोटारीचा धूर खाली ठेवा, यासाठी मी तुमच्याबरोबर मोर्चात येईन. पण माणसाची धाप हा निसर्ग नव्हे, आणि तिला वारसा म्हणता येणार नाही.

मी काही फार मोठे मागणे घेऊन आलो नाही. तुमच्यापैकी जे कोणी या उन्हाळ्यात वर जाल, त्यांनी दस्तुरी नाक्यावर क्षणभर थांबावे. चालवत असेल तर चालावे. बॅग उचलणाऱ्या बाईशी पाच रुपयांची घासाघीस करू नये. आणि ई-रिक्षात बसाल, तेव्हा चालवणाऱ्याला सहज विचारावे, "दादा, गाडी कुणाची?" तो जर म्हणाला, "आम्ही आधी ओढायचो, आता हीच चालवतो," तर समजा, निकाल वर पोचला. आणि तो जर खालमानेने म्हणाला, "शेठची आहे, मी रोजावर," तर समजा, दांडा गेला पण ओढणे राहिले. मग खाली उतरल्यावर गप्प बसू नका. वर्तमानपत्रात लिहा, आमदाराला विचारा, मला कळवा. मी चिकाटीचा माणूस आहे; चढ मला नवा नाही.

त्या काकांनी मला वर न बघण्याचा सल्ला दिला होता. ओझे पाठीवर असताना तो बरोबरच होता. पण ज्यांच्या पाठीवर ओझे नाही, त्या तुम्ही-आम्ही तरी वर बघायला हवे. त्यांचा मुलगा रिक्षामागे उभा राहणार की स्टिअरिंगपुढे बसणार, हे आपल्या त्या बघण्यावर थोडेसे का होईना, अवलंबून आहे.