दूषित जमिनीचे शेजारी



मी निवृत्त होण्यापूर्वीं दोन वर्षें आमच्या शाळेला मैदानासाठीं एक जागा मिळाली. तेथें पूर्वीं रंगाचा कारखाना होता. नकाशा झाला, कुंपण झालें, कोनशिलाही बसली. पहिल्या पावसांत एका कोपऱ्यांतलें पाणी निळें झालें, तेव्हां शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, इथंच तर ते पिपं पुरायचे." "मग आधीं कां नाहीं सांगितलंत?" असें मीं विचारलें. "कुणी विचारलं?" हें तिचें उत्तर.

इमारतींच्या धंद्यांत असलेल्या श्रोत्यांपुढें आज मला याच प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना राज्यांत स्पार्टनबर्ग नांवाचें शहर आहे. त्याच्या आर्कराइट भागांतील खताचा कारखाना १९८६ सालीं बंद पडला. जवळच शहराचा जुना उकिरडा. वस्ती बहुतेक गरीब कृष्णवर्णीयांची. तेथेंच वाढलेले हॅरल्ड मिचेल यांनीं शेजाऱ्यांना जमवून १९९८ सालीं 'रिजेनेसिस' ही संस्था काढली. सरकारच्या पर्यावरण-खात्याकडून तिला अनुदान मिळालें तें अवघें २०,००० डॉलरांचें. परंतु तेवढ्या बळावर वस्तीनें शहर, जिल्हा, केंद्रीय खातीं व उद्योगधंदे यांना एकत्र बसविलें, आणि पुढें त्या भागांत २५ कोटींहून अधिक डॉलर आले. दवाखाना झाला, नवीं घरें झालीं. शेजारच्या चालू रासायनिक कारखान्याशींही रहिवाशांनीं त्रयस्थाला मध्यें घेऊन बोलणीं केलीं.

यांत बांधणाराचा लाभ कोणता? अमेरिकेंत १९८० च्या कायद्यानें सफाईचा खर्च जागेच्या नव्या मालकावरही पडूं शके. मग अशा जागा कोण घेणार? २००२ सालीं खरेदीपूर्वीं नीट चौकशी करणाऱ्यास संरक्षण मिळालें. त्या चौकशीचे नियम मोठे बोलके आहेत. जागा बेवारस पडलेली असून तेथें आगंतुकांच्या वावराच्या खुणा असतील, तर शेजाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्या अशी त्यांत अट आहे. आमच्या म्हातारीचेंच म्हणणें तेथें कायद्यांत आलें आहे म्हणा ना!

कारण मातींत काय आहे, तें कागदावर क्वचितच असतें. खतासाठीं लागणारें गंधकाम्ल पूर्वीं शिशाच्या कोठ्यांत तयार होई. अशा जुन्या कारखान्यांच्या मातींत शिसें सांपडतें. तें उपसावें, कीं वर स्वच्छ मातीचा थर द्यावा? याचें उत्तर तेथें पुढें काय होणार यावर अवलंबून. मोटारी उभ्या करावयाच्या असतील तर थर पुरेल. परसांत मेथी लावावयाची असेल तर निराळा विचार हवा. आणि मेथी लावणार आहेत कीं नाहीं, हें रहिवाशांवांचून कोण सांगणार? म्हणून नकाशा काढण्यापूर्वीं त्यांना बोलवावें. नकाशा दाखवून संमति मागणें ही भागीदारी नव्हे.

लोकांना घेतलें कीं काम लांबतें, हें खरें आहे. सभेंत एखादा गृहस्थ दर वेळीं तेंच तें बोलतो. तो गृहस्थ पुष्कळदां मीच असतों. पण पाया खणल्यावर पिपें निघालीं तर किती लांबतें, तें आमच्या शाळेला विचारा.

आमचें मैदान अजून कुंपणांत आहे. म्हातारी आतां नाहीं. तिच्या सुनेला मात्र पिपांच्या जागा ठाऊक आहेत. येत्या रविवारीं मी व मुख्याध्यापक वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोंत.