‘स्किन कलर’ नावाचं कापड

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बायकोच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या मित्रांनो,

गोधडीवाल्यांच्या मेळाव्यात अध्यक्षांनी ऊब, आजीची माया आणि संस्कृतीची वीण यांवर बोलायचं असतं. आज या तिघींना सुट्टी. मला एका कापडाविषयी बोलायचंय. ते तुम्ही सगळ्यांनी मॅचिंग सेंटरात कधी ना कधी मागितलेलं आहे: ‘स्किन कलर’.

बारा वर्षांपूर्वी आईचा चेहरा कापडात करायचं मनात घेतलं, तेव्हा मीही तेच मागितलं. दुकानातल्या मुलाने गुलाबीसर बदामी तागा पुढे टाकला. तो सावळा, मी सावळी, माझी आई तर चांगली काळीसावळी. काउंटरवर टेकलेल्या हातांत एकही हात त्या ताग्याच्या रंगाचा नव्हता. तरी मी दीड मीटर फाडून घेतलं. फोटो मोठा केला, ट्रेसिंग पेपरवर उतरवला, तुकड्यांना आकडे घातले, पाठीला फ्युजिंग लावून इस्त्री फिरवली. चेहरा हुबेहूब आला, फक्त कावीळ झालेला. आईने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, ‘‘ही कोण गं?’’

मी रंग जुळवत बसले होते, आणि चेहरा बनतो उजेड-सावलीने. नाक ही रेघ नसते, नाकाच्या एका अंगाला पडलेली सावली असते. ओठसुद्धा खालच्या ओठाखालच्या काळोखामुळे उठून दिसतो. हा उजेड-काळोख पाच-सहा पायऱ्यांत नीट बसवला, की पायरी जांभळी आहे की शेंदरी याची डोळा फिकीर करत नाही. पडताळा घरच्या घरी होतो. तुकडे मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. शेजारची दोन कापडं एकमेकांत विरघळली, तर तिथलं नाक गेलं म्हणून समजा. छापील कापडाशी जरा जपून. गडद जमिनीवर मोठं पांढरं फूल असेल आणि ते नेमकं गालावर आलं, तर माणसाला कोड फुटल्यासारखं दिसतं.

हे मला ज्यांच्या कामातून उमगलं, त्या अमेरिकेतल्या बिसा बटलर. वडील घानाचे, आई न्यू ऑर्लिन्सच्या घराण्यातली. हॉवर्ड विद्यापीठात त्या चित्रकला शिकल्या. पण आई आणि आजी दोघी शिवणाऱ्या, म्हणून हात कापडाकडे वळला. 2001 मध्ये त्यांनी आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरून कापडी चित्र केलं. पुढे जुन्या कृष्णधवल फोटोंतली कृष्णवर्णीय माणसं त्या पुरुषभर उंचीची करू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यांत तपकिरी फारसा शोधू नका. कपाळ केशरी, गाल किरमिजी, मानेखाली निळा-जांभळा. आणि तरी क्षणभरही शंका येत नाही, की ही काळी माणसं आहेत आणि झोकात उभी आहेत.

कापडही असंतसं नाही. आफ्रिकेत घरोघर नेसतात ते वॅक्स प्रिंट त्या वापरतात. या कापडाची कुळकथा मजेची आहे. इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल डच गिरण्यांनी यंत्रावर केली, आणि ती रुजली पश्चिम आफ्रिकेत. तिथल्या बाजारातल्या बायकांनी एकेका छापाला नावं दिली, म्हणींसारखी. म्हणजे बटलर कोणाच्या अंगावर कोणता छाप चढवतात, त्यालाही बोलणं असतं.

त्यांच्या मागे आणखी एक बाई उभी दिसते. हॅरिएट पॉवर्स, जन्म 1837, जॉर्जियात, गुलामीत. बायबलच्या कथा ठिगळकामात मांडलेली त्यांची गोधडी 1886 च्या कापूसमेळ्यात लागली. पुढे अडचणीत ती पाच डॉलरला विकावी लागली. विकल्यावर बाई तिला भेटायला जात राहिल्या, सासरी दिलेल्या लेकीला भेटावं तसं. आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या गोधडीवर माणसं खूप आहेत, पण त्यांना नाकडोळे नाहीत. नुसते कापलेले आकार. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच समाजातल्या बाईने कापडात डोळे, नाक, ओठ घडवले, हे मला मोठं वाटतं.

आता आपल्याकडे. चेहऱ्याचं काम मागायला घरची माणसं येतात, बहुधा वारलेल्या कुणाचा फोटो घेऊन. सगळं ठरतं, आगाऊ रक्कम हातात येते, आणि दारात चप्पल घालताना हळूच, ‘‘जरा उजळ करा हं.’’ मेलेल्या माणसालासुद्धा आपण गोरं करून घेतो! मी पूर्वी करून द्यायचे. आता जांभळा करते. उजळ की काळा हा वादच मिटतो. काही जण रागावून गेले, एकाने आगाऊ रक्कम परत मागितली. एका स्पर्धेत माझं काम ‘चेहऱ्याचा रंग नैसर्गिक नाही’ म्हणून बाजूला पडलं. परीक्षकांनी तो शेरा निळ्या शाईने लिहिला होता, तेवढं मात्र मला आवडलं.

मशीन की हात, हा वाद मी घालणार नाही. मशीनचे दात खाली करून, कापड हाताने फिरवत टीप मारा, नाहीतर धावदोरा घाला. फक्त टाका हाडाच्या वळणाने जाऊ द्या. गालावर सरळ उभ्या रेघा मारल्या, की पत्र्याचा गाल होतो.

आईचा चेहरा मी नऊ वर्षांनी पुन्हा केला. सावलीला जांभळा खण, त्याखाली बाटलीहिरवा, उजेडाला तिच्याच लुगड्याचा विटका केशरी. खणाच्या दशा निघून बोटं सोलली. तयार झाल्यावर तिला खुर्चीत बसवून दाखवला. बराच वेळ पाहिलं. मग जिवणीजवळ बोट टेकवून म्हणाली, ‘‘हा माझा खण कापलास? विचारलं तरी होतंस का?’’

तो चेहरा बाहेर दालनात डाव्या भिंतीवर लावलाय. ‘हात लावू नये’ ही पाटी आयोजकांची आहे, माझी नाही. खुशाल हात लावा, उलटून गाठी बघा. नाकपुडीजवळ एक टाका सुटलाय, तेवढा ओढू नका.