धाकाची छावणी
अमेरिकेत १९८३ च्या सुमारास तरुण कैद्यांसाठी लष्करी धर्तीच्या छावण्या निघाल्या. पुढे हाताबाहेर गेलेल्या अल्पवयीन मुलांसाठीही त्या आल्या. पहाटे कवायत, चुकलं की जोर काढायचे, कानाशी ओरडणारे शिक्षक.

जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातल्या अशाच छावणीत पहिल्याच दिवशी धावताना १४ वर्षांचा एक मुलगा थकून थांबला. पहारेकऱ्यांनी त्याला मारलं, तोंड दाबून नाकाशी अमोनिया धरला. हे सारं चित्रफितीत आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला. याला शिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच वर्षी राज्याने या छावण्या बंद केल्या.

नुसत्या कवायतीने मुलं गुन्ह्यापासून दूर राहत नाहीत, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. आईवडिलांना सोबत बसवून केलेले समुपदेशनाचे उपचार त्याहून अधिक उपयोगी पडतात.