उंबरठ्यावरचे भय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या माँमार्त्र वस्तीत ‘कॅबरे द्यु नेआँ’ नावाचे मद्यगृह होते. तेथे मेजांच्या जागी शवपेटिका असत. काच आणि प्रकाश यांच्या करामतीने जिवंत माणसाचा सांगाडा होताना दाखवला जाई. भय हा करमणुकीचा माल झाला होता.

१८९७ साली ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील रक्तपिपासूवर एक बंधन आहे. घरातील कोणी बोलावल्याखेरीज त्याला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. अखेरीस त्याचा नाश होतो. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, व्हिएन्नात रोमन पोलान्स्कीच्या दिग्दर्शनाखाली ‘टान्त्स देर व्हाम्पीरे’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. तिच्यात सरशी होते ती रक्तपिपासूंची, आणि शेवट होतो तो त्यांच्या जल्लोषी नृत्याने.

आपला वेताळही स्मशानातलाच. १८७० साली रिचर्ड बर्टनने त्याच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा शीर्षकात त्याला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. परंतु हा वेताळ विक्रमाचे रक्त मागत नाही. त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो. तेथे भय विवेकाला जागे करते.

अशा नृत्यांतील वेषभूषा, प्रकाशयोजना आणि पदन्यास यांचे कौशल्य निर्विवाद आहे. तरुणांना केवळ मनाई करणे हा उपाय नव्हे. खेळ संपल्यावर त्यांना एवढेच विचारावे : जिंकले कोण, आणि टाळ्या कोणासाठी वाजल्या? स्टोकरच्या कथेतही दार आतूनच उघडले जाते.